चांदीच्या दुर्वा

ब्रिस्टलमध्ये दुर्वा मिळत नाहीत. मिळतं ते लॉनमधलं गवत. दर वर्षी भाद्रपदात आमच्या मंडळातल्या दोघी-तिघी आपापल्या मागच्या अंगणात वाकून त्यातल्या त्यात दुर्वांसारखं दिसणारं गवत खुडतात, दोऱ्याने त्याच्या जुड्या बांधतात आणि गणपतीसमोर ठेवतात. देवाला चालतं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं आहे. एका जोडप्याला मात्र ते बरं वाटेना. त्यांनी पुण्याहून चांदीच्या दुर्वांची एक जुडी आणून मंडळाला दिली. एकवीस पाती, मुळाशी चांदीच्याच तारेने बांधलेली, माझ्या तळहाताएवढी. या जुडीपायी एक माणूस नऊ महिने तुरुंगात जाऊन आला, आणि त्याला आत पाठवणारं वाक्य मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला स्वतःची बाजू सजवून मांडता येणार नाही.

आमच्या घराला लागून असलेल्या घरात एक बाई राहतात. लहानपणी आईवडिलांबरोबर जमैकाहून इथे आल्या, चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, आता पंचाहत्तरीच्या आहेत. माझी मुलगी झाली तेव्हा माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला होता. मी आणि नवरा, दोघंही इंजिनियर, दोघांनाही बाळाला कसं धरायचं ते ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात शेजारीणबाई रोज सकाळी आल्या, बाह्या दुमडल्या आणि आमच्या किचनच्या सिंकमध्ये पोरीला आंघोळ घातली. त्या माझ्याशी इंग्रजीतच बोलतात, पण मला त्यांचं बोलणं मराठीत आठवतं. मोठ्या बहिणीसारखं.

त्यांना एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना त्याला जन्मठेप झाली. मी तो खटला पाहिलेला नाही, जे सांगते ते बाईंकडून ऐकलेलं. एका टेकअवेबाहेर मारामारी झाली, एकाने सुरा काढला, एक तरुण मेला. सुरा याच्या हातात नव्हता. हा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होता. पण त्या मुलांशी फोनवर बोललेला होता, आणि त्याआधी कधीतरी त्यांच्याबरोबर गाण्याचा एक व्हिडिओ केलेला होता. कोर्टात त्या व्हिडिओला टोळी म्हणाले. इथल्या कायद्यात एकाने केलेल्या खुनासाठी बरोबरच्या सगळ्यांना खुनी ठरवता येतं, त्यांचाही तसाच इरादा होता असं ज्युरीला पटलं की झालं. ज्याचा जीव गेला तोही कुणाचा तरी मुलगा होता, हे बाई दर वेळी न विसरता सांगत. मग म्हणत, "सुरा एक होता. जन्मठेपा पाच झाल्या. पाचही जण काळे."

त्याच्या आधीचंही त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी शाळेने काढून टाकलं, कारण उलट बोलला. शाळेतून काढलेली मुलं दिवसा रस्त्यावर दिसतात, आणि रस्त्यावर दिसणारा काळा मुलगा पोलिसांना आवडतो. खिसे उलटे कर, हात भिंतीला टेक, कुठून आलास, कुठे चाललास. हे इतक्यांदा झालं की नंतर नंतर तो घरी आल्यावर सांगेनासाच झाला. माझी मुलगी याच रस्त्यावर वाढली, याच बसस्टॉपवर सतरा वर्षांची झाली. तिला एकदाही कुणी थांबवलेलं नाही.

तेहतीस वर्षांचा असताना तो सुटला. सुटला म्हणजे लायसन्सवर सुटला. इथे जन्मठेपेतून बाहेर आलेला माणूस कधीच पूर्ण सुटत नाही. प्रोबेशन ऑफिसरला भेटत राहायचं, सांगतील तिथे राहायचं, आणि कसला नुसता संशय आला तरी त्याला उचलून परत आत नेता येतं. खटला नाही, ज्युरी नाही. त्याला रिकॉल म्हणतात.

तो आईकडे राहायला आला. तुरुंगात बागकाम शिकला होता. आल्या आल्या त्याने मागच्या अंगणातला कंपोस्टचा मोठा लाकडी पेटारा दुरुस्त केला आणि दर रविवारी जेवणाआधी त्यातलं खत फावड्याने खालीवर करायला लागला. मी किचनच्या खिडकीतून बघायची. बाई दारात खुर्ची टाकून नुसत्या त्याच्याकडे पाहत बसायच्या. एकदा कुंपणावरून मला म्हणाल्या, "चौदा वर्षांचे रविवार गेले गं. माझं हृदय असं, डॉक्टर तसं सांगतात. आता उरलेले तरी सगळे मला हवेत." त्यांना आणखी काही नको होतं.

उन्हाळ्यात त्याला कम्युनिटी हॉलमध्ये केअरटेकरची नोकरी लागली. त्याच हॉलमध्ये आमच्या मंडळाचा पाच दिवसांचा गणपती बसतो. हॉलवाल्यांना त्याचा इतिहास ठाऊक होता. मंडळात तो फक्त मला ठाऊक होता, कारण बाईंनी माझ्या डायनिंग टेबलवर बसून मला सांगितला होता. "तुलाच सांगते," असं म्हणून.

गणपतीत तो रोज संध्याकाळी खुर्च्या मांडायला आणि आवरायला यायचा. पहिल्याच दिवशी कुणी न सांगता बूट बाहेर काढून आला. मोदक खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला. आरती झाल्यावर तबक फिरत त्याच्यापाशी आलं तेव्हा तो बावरला, तेव्हा मीच त्याला शिकवलं, हात असे ज्योतीवरून फिरवायचे, मग डोळ्यांना लावायचे. दुसऱ्या दिवशी तबक मूर्तीपाशी होतं, तर हा स्वतः पुढे झाला आणि त्याने हात लांब केले. आमच्या हौशी फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला. मोठा काळा माणूस, मूर्तीच्या दिशेने पसरलेले हात, खाली मखमलीवर चांदीची उपकरणं. किती छान इन्क्लुझिव्ह फोटो आलाय, असं ग्रुपवर सगळे म्हणाले. मीही हृदय टाकलं.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. निर्माल्य आवरायचं काम दर वर्षी माझ्याकडे. फुलं, पत्री, गवताच्या जुड्या, सगळं एका कापडी पिशवीत भरायचं. कचऱ्यात टाकवत नाही, नदीत सोडायला बंदी, म्हणून गेली सात-आठ वर्षं मी ते शेजारीणबाईंच्या कंपोस्टच्या पेटाऱ्यात नेऊन टाकते. त्यांना त्याचं भारी अप्रूप. देवाची फुलं खाल्लेले आमचे गुलाब बघ, म्हणायच्या. मी आधी चांदी काढली, म्हणजे काढली असं मला पक्कं आठवत होतं: चांदीचा विडा, चांदीची सुपारी, चांदीचं जास्वंद. मग दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून पिशवीत कोंबलं आणि पिशवी गाडीत ठेवून आले. मागच्या आवारात बादलीत विसर्जन झालं. घरी जाता जाता पिशवी पेटाऱ्यात रिकामी केली, झाकण लावलं.

मागे हॉलवर चांदी डब्यात भरताना दुर्वा नाहीत असं लक्षात आलं. मला फोन आला. निर्माल्यात गेलं नसेल ना, असं कुणीतरी विचारलंसुद्धा. मी चिडले. "मी आंधळी आहे का? चांदी मी आधी काढली," म्हणाले. विषय तिथेच संपला, कारण मी असल्या बाबतीत चुकत नाही अशी माझी ख्याती आहे.

दोन दिवसांनी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. लाघवी माणूस, मुंबईचा, बँकेत मोठ्या पदावर. "वहिनी, टेन्शन घेऊ नका. कुणावर ब्लेम नाही करायचाय. इन्शुरन्सला फक्त क्राइम रेफरन्स नंबर लागतो. तेवढा पोलिसांचा ऑनलाइन रिपोर्ट तुम्ही भरा ना, तुमचं इंग्लिश एकदम सरकारी आहे."

मी विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. एखादा भाग तुटला की तो का तुटला याचा अहवाल लिहिणं हे माझं काम. त्यात एक नियम असतो: जे जे कारण संभवतं ते ते लिहायचं, काहीही गाळायचं नाही, आणि कुणालाही दोष द्यायचा नाही. वीस वर्षं हेच केल्यामुळे हात आपोआप चालतो. फॉर्ममध्ये विचारलं होतं, तपासाला उपयोगी पडेल अशी आणखी काही माहिती? मी लिहिलं: हॉलच्या चाव्या केअरटेकरकडे असतात. माझ्या माहितीप्रमाणे त्याला पूर्वी शिक्षा झालेली आहे.

खरं होतं. दोन्ही वाक्यं खरी होती. काहीही गाळायचं नाही, म्हणून लिहिली. मात्र हॉलच्या चाव्या अध्यक्षांकडेही होत्या, फोटोग्राफरकडेही होत्या, ते मी लिहिलं नाही. ते मला सुचलंच नाही. हे आठवलं की आजही मला माझ्या हाताची किळस येते. अध्यक्षांनी त्या रिपोर्टला तो फोटो जोडला.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा शेजारच्या दारात पोलिसांची व्हॅन होती. त्याला दोघांच्या मध्ये धरून आणलं. हात शरीरापासून लांब, तळवे उघडे, असे त्याने धरले होते. कुणी सांगायच्या आतच धरले होते. बाई ड्रेसिंग गाऊनवर फाटकापर्यंत आल्या आणि तिथल्या भिंतीवर बसल्या. मी जाऊन त्यांना धरलं. मी! त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काहीतरी गैरसमज असेल, येईल परत.

चोरीच्या बाबतीत पोलिसांना काहीच सापडलं नाही. पुराव्याअभावी पुढे काही केलं जाणार नाही, असं पत्रही आलं. पण तोवर प्रोबेशनने रिकॉल केलेला होता, आणि रिकॉलला पुरावा लागत नाही. धोका वाढला आहे असं वाटलं की पुरे. आता सुटकेचा निर्णय घेणाऱ्या पॅरोल बोर्डाची तारीख येईपर्यंत आत. ती कधी येईल ते कुणीही सांगेना.

मंडळाच्या ग्रुपवर रेफरन्स नंबर आला तेव्हा सोळा जणांनी हात जोडले. मग कुणीतरी लिहिलं, तरी मला त्या माणसाकडे बघून वाटलंच होतं. आणखी कुणी, या लोकांचं असंच असतं. ज्याने हे लिहिलं त्याने चार महिन्यांपूर्वी ऑफिसात कुणी यू पीपल म्हणालं म्हणून एचआरकडे तक्रार केली होती आणि आम्हाला त्याच ग्रुपवर तीन परिच्छेद वाचायला लावले होते. मला शिसारी आली. पण आली म्हणजे काय, मी फोन उलटा ठेवला आणि भाजी फोडणीला टाकली.

या लोकांचं असंच असतं, हे वाक्य मी लहानपणी मराठीतच शिकले. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर पारध्यांची पालं होती. गावात कुठेही चोरी झाली की संध्याकाळपर्यंत पोलिसांची जीप पालांकडे जायची आणि पुरुष भरून आणायची. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आम्हाला चौकीसमोर त्यांच्या बायका मातीत बसलेल्या दिसत, मांडीवर पोरं, बाजूला भाकरीची फडकी. एकदा आमची सायकल गेली तेव्हा माझ्या वडिलांनी, गावातल्या सगळ्यात सज्जन मुख्याध्यापकांनी, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि शेवटी संशय या शब्दापुढे एका ओळीत पालांचा उल्लेख केला. सायकल कुठे गेली ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्या बायका किती दिवस बसल्या होत्या तेही आम्ही कुणी विचारलं नाही. जातीच्या जाती जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा तिकडे इंग्रजांनी केला होता. कायदा गेला. आम्ही तो घरात जपला, पेटीत घालून इथे परत घेऊन आलो, आणि त्यांच्याच देशात त्यांच्याच पोलिसांना ऑनलाइन भरून दिला.

माझी मुलगी मंडळाच्या ग्रुपवर नाही, पण तिला कळलंच. जेवताना म्हणाली, "आई, तू त्याचा जेलचा गोष्ट का लिहिला? तू बघितली त्याला घेताना?"

"नाही. पण फॉर्ममध्ये विचारलं होतं."

"फॉर्मने त्याचा नाव नाही विचारला ना."

मी तिला, जेव, म्हटलं.

त्या हिवाळ्यात मी शेजारीणबाईंना महिन्यातून एकदा तुरुंगात भेटीला नेत होते. गाडीने दोन तास. थंडीत त्यांना ट्रेन आणि दोन बस झेपत नव्हत्या, म्हणून मी आपण होऊन म्हटलं होतं. माझं मन मला तेवढ्यावर सोडून देत होतं. मी बाहेरच्या वेटिंग रूममध्ये बसायची. तिथे मी जे पाहिलं ते कुठल्याही अहवालात बसत नाही. रांगेत जवळजवळ सगळ्या बायका. आया, बायका, बहिणी. बाहेर ब्रिस्टलच्या रस्त्यावर दहा माणसांत एखादं काळं दिसतं, इथे रांगेत दर दुसरी बाई काळी. खिसे रिकामे करा, केसांत हात घालू द्या, तोंड उघडा, कुत्र्यासमोर उभ्या राहा. अपराध केला मुलाने किंवा तोही नाही, आणि झडती आईची. एक लहान मुलगी बाहुली लॉकरमध्ये ठेवायला तयार नव्हती. पहारेकरीण चांगली होती, पण नियम म्हणजे नियम. ती मुलगी मोठी होऊन पोलिसाला पाहून पळाली, तर ती का पळाली असा फॉर्म भरणारी माझ्यासारखी बाई तेव्हाही असणार.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. शेजारीणबाई होत्या. पायांत गमबूट, हातात किचन पेपरची घडी. आत आल्या, बसल्या नाहीत, घडी टेबलावर ठेवून उलगडली. चांदी काळी पडली होती, पात्यांच्या मध्ये माती होती, आणि तारेभोवती माझाच दोरा गुंडाळलेला होता. पांढऱ्या दोऱ्याची माझी गाठ. दिसायला बरं म्हणून चांदीची जुडी मी गवताच्या एका जुडीच्या पोटात बांधली होती. ते त्या क्षणी आठवलं.

"सप्टेंबरपासून खत कुणी हलवलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "तो असता तर पहिल्याच रविवारी सापडलं असतं. आज जरा ऊन होतं, म्हणून मी फावडं घेतलं."

मी त्या गाठीवरून बोट फिरवलं.

"मी आधी पोलिसांकडेच निघाले होते. कोट घातला होता. मग बसले. मी तिथे जाऊन काय सांगू? माझ्या बागेत सापडलं? माझ्या मुलाच्या पेटाऱ्यात?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते म्हणतील, तिथेच लपवलं होतं. मी ते घेऊन गेले तर तो कायमचा आत जाईल. तू घेऊन गेलीस तर बाहेर येईल. येतेस? आत्ता?"

मी म्हणाले, "उद्या."

का म्हणाले? कमिटीला आधी सांगायला हवं, असं मला वाटलं. पद्धत असते ना! त्या मान हलवून निघून गेल्या. वस्तू टेबलावर ठेवून गेल्या. जी वस्तू त्यांच्या मुलाच्या जिवाची होती, ती त्यांना स्वतःजवळ ठेवण्याचीही भीती होती.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण वहिनी, सापडलं कुठे? त्यांच्याच बागेत ना? मग पॉइंट प्रूव्हच होतो की."

"अहो, मी टाकलंय ते तिथे! माझ्या हातांनी! माझा दोरा आहे त्याला!"

"ते तुम्ही म्हणता. आता शांतपणे ऐका. इन्शुरन्सचा क्लेम सेटल झालाय. आता उलटं सांगायचं म्हणजे फॉल्स क्लेम. कमिटीतल्या दोघांची इथे कायम राहण्याची, सेटलमेंटची अ‍ॅप्लिकेशन चालू आहे, होम ऑफिस किती स्ट्रिक्ट झालंय तुम्हाला माहितीये. आणि तो माणूस आपल्यामुळे आत नाही हो. त्याचा त्याचा रेकॉर्ड आहे. जरा थांबू या, पाडव्याच्या मीटिंगला घेऊ."

शब्द गोड, आवाज मऊ. मधमाशी बसावी असा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, फोन आपटला, घरात आदळआपट केली. आणि तरीही मी आठ दिवस गेले नाही. हे लिहिताना बोटं अडतात, पण आठ दिवस. कामाचा आठवडा होता. एकदा नवरा म्हणाला, वकिलाला विचारून जा. रोज सकाळी किचनच्या खिडकीतून शेजारच्या दारातली ती खुर्ची दिसायची. त्या एकदाही विचारायला आल्या नाहीत. अध्यक्षांचा राग मी इतक्या जोरात करत होते, कारण तो करत असताना स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

नवव्या दिवशी मुलीने कॉलेजला जाताना दुर्वांची पुडी माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. मला लॅपटॉप काढताना दिसली. मी तशीच घरी परत आले, शेजारचं दार वाजवलं, बाईंना गाडीत बसवलं. सिग्नलला थांबलो असताना मी सांगून टाकलं, ते वाक्य मी लिहिलं होतं.

त्या समोर बघत म्हणाल्या, "माहितीये. तुमच्या त्या हॉलभर माणसांत ते फक्त तुलाच माहीत होतं."

"मग तुम्ही माझ्याबरोबर भेटीला... इतके महिने..."

"मला गाडी हवी होती," त्या म्हणाल्या. "ट्रेनने मला जमत नव्हतं."

पोलीस स्टेशनमधला तरुण अधिकारी अतिशय सभ्य होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं, निर्माल्य म्हणजे काय, पिशवी, दोरा, पेटारा. त्याने एकदाही भुवई उंचावली नाही. याला पुरावा काय, असं विचारलं नाही. माझा दोरा आहे हे कशावरून, तेही नाही. सही घेतली आणि म्हणाला, थँक यू, दॅट्स रिअली हेल्पफुल. शेजारीणबाई माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांना त्याने एकच प्रश्न विचारला: तुमच्याजवळ ओळखपत्र आहे का?

सप्टेंबरात मी म्हणाले, याने केलं असेल, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला. फेब्रुवारीत म्हणाले, याने केलं नाही, तेव्हाही ठेवला. मधले सगळे महिने तो स्वतः सांगत होता, मी केलं नाही. त्याचं ते सांगणंही कागदावर होतं म्हणे: आरोपाची जबाबदारी घेत नाही, असं लिहून.

त्यानंतरही चार महिने लागले. माझा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत राहिला. तो जूनमध्ये बाहेर आला. नोकरी गेलेली होती. एप्रिलमध्ये बाईंना हार्ट अटॅक येऊन गेला होता, त्यांना आता धड चालवत नव्हतं, नाही म्हणजे चालतात, पण काठीने, आणि दारातल्या खुर्चीपर्यंतच. तो अटॅकच्या वेळी येऊ शकला नव्हता. परवानगीचा अर्ज केला होता, उत्तर त्या घरी आल्यावर मिळालं. मी मंडळ सोडलं, यात काही मोठेपणा नाही. चांदीच्या दुर्वा अध्यक्षांनी माझ्याकडून मागून घेतल्या, टूथपावडरने लखलखीत केल्या आणि पुढच्या गणपतीत पुन्हा मखमलीवर ठेवल्या. मी फोटो पाहिला. चोपन्न हृदयं.

त्या सप्टेंबरात आम्ही घरीच दीड दिवसाचा गणपती बसवला. निर्माल्याची पिशवी दोन दिवस मागच्या दाराशी लटकत राहिली. न्यायची कुठे? तिसऱ्या दिवशी, रविवारी, कुंपणापलीकडून बाईंचा आवाज आला, "फुलं कुठे आहेत या वर्षीची? गुलाब वाट बघतायत."

मी पिशवी घेऊन गेले. बाई खुर्चीवर होत्या. तो पेटाऱ्यापाशी फावडं घेऊन उभा होता. मला बघून त्याने फावडं गवतावर ठेवलं आणि चार पावलं मागे गेला.

"आधी इथे पसर, आंटी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पूर्वी आणखी एक मोदक मागितला होता तितक्याच अदबीने बोलला. "सगळं. एकेक करून. आणि फोनवर रेकॉर्ड कर, प्लीज. माझे हात दिसले पाहिजेत."

मी फोन बाईंच्या खुर्चीच्या पायाला टेकवून उभा केला. गवतात गुडघे टेकले, पिशवी उलटी केली आणि एकेक फूल, एकेक जुडी सुटी करून कॅमेऱ्याला दाखवायला लागले. झेंडू, शेवंती, लॉनमधलं गवत. वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो आपल्याच अंगणात, आपल्याच आईसमोर, हात शरीरापासून लांब धरून, तळवे उघडे ठेवून उभा होता.